पँडाजमधील ‘मर्ज’: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एक्सेलमधील व्हीलुकअपवर (एका तक्त्यातील मूल्य शोधून दुसऱ्यात आणणाऱ्या सूत्रावर) अनेक वर्षे काम भागवल्यानंतर, आठ महिन्यांपूर्वी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील पँडाज ही तक्ते हाताळणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरू लागलो, आणि तिच्यातील ‘मर्ज’ हे फंक्शन आता रोजच्या वापरात आहे. दोन तक्ते एका ओळीच्या कोडमध्ये जोडले जातात याचे सुरुवातीला फार अप्रूप वाटले; मात्र हे फंक्शन चूक झाली तरी बहुतेक वेळा गप्प राहते, हे कळायला पहिला महिना गेला.

महाराष्ट्राच्या आजच्या 36 जिल्ह्यांचा तक्ता मी 2011 च्या जनगणनेच्या तक्त्याशी इंग्रजी नावांवरून जोडला, तेव्हा हाती 27 ओळी आल्या. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही नावे नंतरची, पालघर जिल्हा 2014 चा, मुंबई शहर जनगणनेत नुसते ‘मुंबई’, तर बीड, गोंदिया, बुलढाणा व रायगड यांची स्पेलिंगे वेगळी (जनगणनेत बीड हे ‘बी-आय-डी’ असे लिहिले आहे). आपण काही सांगितले नाही तर मर्ज ‘इनर’ जोड करते, म्हणजे दोन्हीकडे जुळलेल्या ओळीच ठेवते आणि न जुळलेल्या ओळी निमूटपणे गाळते. तेव्हापासून मी ‘लेफ्ट’ (पहिल्या तक्त्यातील सर्व ओळी ठेवणारी जोड) असे स्पष्ट लिहितो आणि ‘इंडिकेटर’ चालू ठेवतो. त्यामुळे कोणती ओळ दोन्हीकडे सापडली आणि कोणती एकाच बाजूला राहिली, हे वेगळ्या स्तंभात दिसते.

दुसरी चूक अधिक महागात पडली. नावे जुळवण्यासाठी मी जुन्या-नव्या नावांचा तिसरा तक्ता केला आणि त्यात ठाणे व पालघर या दोघांपुढे जुने नाव ‘ठाणे’ लिहिले. जोड विनातक्रार झाली, 36 ओळीही आल्या. पण राज्याची लोकसंख्या 11,23,74,333 ऐवजी 12,34,34,481 निघाली, कारण ठाण्याचे 1,10,60,148 लोक दोनदा मोजले गेले होते. व्हीलुकअपनेही इथे हेच केले असते, हे मान्य करायला हवे. फरक एवढाच की मर्जला ‘व्हॅलिडेट’ या तपासणीच्या पर्यायात ‘वन-टू-वन’ (एका ओळीला एकच ओळ) सांगितले असते तर ते तिथेच एरर देऊन थांबले असते. ही दुहेरी मोजणी दुरुस्त केल्यावरही ठाण्याचा आकडा पालघरसह आहेच, तो तालुकानिहाय तक्त्यावरूनच वेगळा काढावा लागतो.

किरकोळ तक्रारीही आहेत. एकाच नावाच्या स्तंभांना ‘एक्स’ आणि ‘वाय’ अशी शेपटे लागतात, आणि लेफ्ट जोडीत एखादी ओळ रिकामी राहिली की पूर्णांकांचा स्तंभ दशांशात जाऊन जिल्हा संकेतांक 497 चा 497.0 होतो. रिकाम्या किल्ल्या (ज्या स्तंभावरून जोड होते त्यातील मूल्ये) एकमेकींशी जुळतात, हे एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेहून आलेल्यांना चक्रावून टाकते. किल्ली एकीकडे मजकूर आणि दुसरीकडे अंक असेल तर मात्र थेट एरर येते, आणि मला ती वागणूक सर्वांत आवडते.

शंभर-दोनशे ओळींच्या एकवेळच्या कामाला मी अजूनही एक्सेलच उघडतो.