दावा उंबरठ्यावरच अडवणाऱ्या आमच्या वकीलबाई

यजमान गेले आणि त्यांच्या चुलतभावांनी माझ्यावर दिवाणी दावा लावला. १९९४ साली नोंदवलेलं वाटणीपत्र फसवणुकीने झालं, ते रद्द करा, अशी मागणी. त्या वाटणीपत्रावर त्यांची स्वतःची सही आहे, आणि ती आपण केल्याचं त्यांनी दाव्यातच लिहिलंय. हे प्रकरण चालवणाऱ्या वकीलबाईंच्या कामाबद्दल सविस्तर लिहिते, कारण अशा दाव्यात ओढल्या गेलेल्या माणसाला वकिलाकडे नेमकं काय मागायचं हे कुणी सांगत नाही.

आधी भेटलेले वकील म्हणाले, कैफियत (दाव्याला आपलं लेखी उत्तर) देऊ, मग साक्षीपुरावा, वेळ लागेलच. वकीलबाईंनी माझी कागदांची पिशवी उघडूच दिली नाही. पेन्सिल घेऊन फक्त वादीचं वादपत्र, म्हणजे दावा लावताना त्यांनी कोर्टात दिलेलं लेखी म्हणणं, वाचलं. म्हणाल्या, "ताई, तुमचे कागद भक्कम आहेत, पण आत्ता ते कोर्ट बघणार नाही. त्यांच्याच लिहिण्यात दावा बसत नाही, एवढंच दाखवायचं."

यालाच दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर सात रूल अकरा म्हणतात. वादीने लिहिलेलं सगळं घटकाभर खरं धरायचं. तरीही दाव्याला कारण दिसत नसेल, किंवा दावा मुदतबाह्य असल्याचं त्यातूनच उघड होत असेल, तर वादपत्र नामंजूर करायचं. दस्त रद्द करून मागायला मुदत तीन वर्षांची, फसवणूक समजल्यापासून. आमच्या वादपत्रात होतं "अलीकडे समजले". कधी, कुणाकडून, फसवलं कुणी आणि कसं, एक अक्षर नाही. फसवणुकीचा आरोप करायचा तर तपशील द्यावाच लागतो, हे ऑर्डर सहा रूल चारमध्ये स्पष्ट आहे.

बाईंनी तसा अर्ज केला, तर कोर्टाने आधी कैफियत द्यायला सांगितलं. बाईंनी शांतपणे सर्वोच्च न्यायालयाचा सलीम भाई निकाल पुढे ठेवला: या अर्जासाठी कैफियतीची वाट बघायची गरज नाही. युक्तिवादात १९७७चा अरिवंदंदम निकालही वाचला. त्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी खालच्या कोर्टांना बजावलंय की शब्दांच्या चलाखीने दाव्याचं कारण असल्याचा आभास उभा केला असेल, तर तो सुरुवातीलाच मोडून काढा. २०२०चा दहिबेन निकालही याच वाटेवरचा. आमचं वादपत्र नामंजूर झालं.

माझं ठाम मत असं की हे काम माझ्या अर्जावर अवलंबून असायलाच नको होतं. समन्स काढण्यापूर्वी वादपत्र वाचून ते नामंजूर करण्याचा अधिकार कोर्टाला आहेच. दावा प्रलंबित आहे एवढ्यानेच जमिनीवर कर्ज मिळेना, गिऱ्हाईक फिरकेना. निकाल काहीही लागो, ही शिक्षा आधीच भोगून होते. आणि भरपाई? खोट्या दाव्याबद्दलच्या कलम ३५अ खाली कमाल मर्यादा तीन हजार रुपये, १९७६च्या दुरुस्तीपासून तीच. व्यापारी वादांसाठी ती मर्यादा २०१५च्या कायद्याने काढली; घरादाराच्या, जमिनीच्या दाव्यांनाही ती काढायला हवी.

बाईंची आणखी एक गोष्ट मला फार आवडली. माझ्यासमोर त्यांनी दुसऱ्या एका पक्षकाराला हाच अर्ज करायला नकार दिला. त्याच्याविरुद्धचा दावा कमकुवत होता, पण पोकळ नव्हता. साक्षीपुराव्यानेच ठरण्यासारखा होता. नुसता वेळ काढायला असे अर्ज करणारे प्रतिवादीही कोर्टाचे तितकेच दिवस खातात, असं त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं.

फी आधी लिहून देतात, तारखेच्या आदल्या संध्याकाळी स्वतः फोन करतात. फोन उचलायला मात्र उशीर करतात, तेवढं सोसावं लागतं. या हुकमावर अपील होऊ शकतं आणि मुदतीत बसत असेल तर नवा दावाही, हे त्यांनी निकालाच्या दिवशीच समजावलं, पेढे वाटण्याआधी. अपिलाच्या कोर्टात लगेच कॅव्हेट, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये अशी आगाऊ सूचना, दाखल केलं. ते नव्वद दिवसच टिकतं, म्हणून पुढची तारीखही त्यांनीच लिहून दिली आहे.