सोलरची केबल: माळ्यातून की भिंतीवरून?

आमच्या वरच्या दोन खोल्यांवर टिन आहे, टिनाखाली पीओपी आणि मधे माळा. सहा पॅनल जिन्यावरच्या स्लॅबवर, त्यांची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा इन्व्हर्टर खाली मीटरजवळ. केबल खाली आणायचे दोन्ही रस्ते मी करून पाहिले, म्हणजे पैसेही दोनदा मोजले.

माळ्यातला रस्ता जवळचा. केबलला ऊन लागत नाही, भिंतीवर पाइप दिसत नाही. घरच्यांना तो दिसायला नको होता, खरं तर मलाही. भिंतीवरून बारा मीटरचा वळसा पडतो, पण त्यानं वीज वाया जाते ही भीती मला आता फुगवलेली वाटते. चार चौरस मिलिमीटरची तार, तेरा अँपिअर, अडीचशेच्या आसपास व्होल्ट: नुकसान जेमतेम अर्धा टक्का. मे महिन्यात तापलेलं पॅनल त्याहून कितीतरी जास्त खातं.

पहिल्याच पावसाळ्यात इन्व्हर्टर सकाळी रुसायला लागला. लाल दिवा, इन्सुलेशन फॉल्ट. साडेदहाला ऊन पडलं की आपोआप चालू! ओलाव्यात कुठून तरी करंट अर्थिंगला झिरपत होता. तो शोधायला इलेक्ट्रिशियन आणि मी चारदा माळ्यात रांगलो. पीओपीवर पाय द्यायचा नाही, गुडघे फ्रेमच्या पट्टीवर, टॉर्च तोंडात. वाळलं की फॉल्ट गायब, आणि ओलं असताना हात घालवत नाही. पॅनलवर उजेड आहे तोवर घरचा मेन बंद करूनही त्या तारेत डीसी व्होल्टेज असतंच. पाचव्यांदा सापडलं: टिनाच्या एका स्क्रूखाली नेमका तारा जोडणारा कनेक्टर, त्यावर थेंब थेंब पाणी.

केबल बाहेर काढली ती तेव्हा. उत्तरेच्या भिंतीवरून नेली; पश्चिमेच्या उन्हात पीव्हीसी पाइप कडक होऊन तडकलेला शेजाऱ्यांकडे पाहिला होता. बॉक्समध्ये शिरण्याआधी केबलला खाली झोल ठेवला, पाणी तिथूनच टपकतं. दिसायला बरं नाहीच. भिंतीच्या रंगाचा एक हात मारून घेतला.

माळ्यातली गरम हवा बाहेर काढायच्या पंख्याचंही तसंच झालं. वाऱ्यावर फिरणाऱ्या टर्बोला बिल नाही, पण नवतप्यात, मेअखेरच्या त्या तापत्या नऊ दिवसांत, संध्याकाळी वारा पडतो तेव्हाच तो थांबतो, शिवाय टिनाला आणखी एक भोक. थेट पॅनलवर चालणारा पंखा दुपारी छान, पण दिवस मावळला की तोही मावळला. आमच्या खोल्या तर रात्री नऊपर्यंत धगधगतात. मी थर्मोस्टॅटवाला साधा एक्झॉस्ट बसवला, जिन्याकडच्या तिकोनी भिंतीत, शिडीवरून हात पोचेल असा. समोरच्या भिंतीत जाळी मात्र हवीच. नाहीतर पंखा पीओपीतल्या दिव्यांच्या भोकांतून कुलरची थंड हवाच ओढून नेतो. आमचा पहिला आठवडा तसाच गेला.

मे २०२४ मध्ये नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले, मग हवामान खात्यानं सेन्सरचा दोष सांगितला. थर्मामीटर मी कधी लावला नाही, पण माझ्या माळ्यात बसलेल्याला तो आकडा खोटा वाटला नसता.

तुमच्या माळ्यात उभं राहता येत असेल आणि टिन नवं असेल, तर आतला रस्ता वाईट म्हणणार नाही. फक्त जोड एकही आत नको. आमच्या माळ्यात आता आकाशकंदील आणि कुलरच्या जुन्या जाळ्या तेवढ्या आहेत.