स्पेसर की नेब्युलायझर?

माझ्या जावेच्या पाच वर्षांच्या मुलाला दमा आहे. घरी नेब्युलायझर (औषधाचं धुकं करणारं यंत्र) घ्यावा की पंपाला (इनहेलरला) स्पेसर, म्हणजे फवारा आत धरून ठेवणारी पोकळ नळी, लावावा, या विचाराने तिची झोप उडाली आहे.

श्वासनलिका छातीत दुभंगते आणि साधारण २३ वेळा फाटे फुटत वायुकोशांपर्यंत पोचते. दम्यात यातले बारीक फाटे आवळतात, आतून सुजतात. तिथवर १ ते ५ मायक्रॉनचेच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण पोचतात. नुसता पंप मारला की बरंचसं औषध घशावरच आदळतं. स्पेसरमध्ये फवाऱ्याचा वेग मंदावतो आणि मूल शांतपणे चार-पाच श्वासांत ते ओढून घेतं.

नेब्युलायझरचं धुकं डोळ्यांना दिसतं, म्हणून जास्त जोरदार वाटतं. सौम्य-मध्यम झटक्यात मात्र दोन्हींचा गुण सारखाच. स्पेसरला मिनिट-दोन मिनिटं, यंत्राला पाच-दहा. यंत्र महाग, बहुतेकांना वीज हवी, आणि औषधाचा कप नीट धुऊन वाळवला नाही तर जंतू वाढतात. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन हवेवरच वाळवायचा. फडक्याने पुसला तर स्थिर विजेमुळे औषध आतून चिकटतं.

रोजच्या औषधाला, शाळेत, प्रवासात स्पेसरच. अगदी लहानग्यांना मास्कसह. झटका तीव्र असेल, ऑक्सिजनही लागत असेल, तिथे नेब्युलायझर हवा, पण दवाखान्यात. ओठ निळे पडले किंवा बोलताना धाप लागली तर घरी वाट बघत बसू नका.