बाळाचा पहिला नाताळ आणि ‘नाव कोरलेला माल परत घेतला जात नाही’

डिसेंबर उजाडला की लहान बाळांच्या भेटवस्तूंच्या जाहिरातींचा मोबाइलवर पाऊस पडू लागतो, आणि त्यांतल्या काही जाहिराती केवळ गंडवण्यासाठीच दिलेल्या असतात. अशाच एका जाहिरातीपायी वसईतील आमच्या घरातून दोनदा पैसे गेले. पहिल्यांदा माल खोटा निघाला आणि दुसऱ्यांदा तेच पैसे परत देण्याच्या बहाण्याने आणखी रक्कम काढून घेतली गेली. सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे, कारण ज्या घरात यंदा बाळाचा पहिला नाताळ आहे, त्या घरातील आत्या, मावश्या आणि आजी-आजोबा हेच या मंडळींचे हक्काचे गिऱ्हाईक आहे.

माझी भाची तेव्हा आठ महिन्यांची होती. इन्स्टाग्रामवरील एका पानावर ‘बाळाचा पहिला नाताळ’ या नावाने एक संच दाखवला होता. त्यात लाकडी खुळखुळा, बाळाचे नाव कोरलेला दिवा लागणारा तारा आणि गोठ्यातल्या देखाव्यात शोभेल असे कापडी मेंढरू होते. सगळी लाकडी खेळणी सावंतवाडीच्या कारागिरांनी हाताने घडवलेली आहेत, असे त्याखाली ठळक लिहिले होते. चितारआळीतली रंगीत खेळणी आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी हाताळलेली असतात, त्यामुळे सावंतवाडीचे नाव वाचले की मराठी माणूस फारशी चौकशी करत नाही, आणि जाहिरात देणाऱ्याला हे नेमके ठाऊक होते. किंमत होती १,८९९ रुपये. माल हातात आल्यावर पैसे देण्याची सोय ‘नाव कोरायचे असल्यामुळे’ उपलब्ध नव्हती, म्हणून यूपीआयने आगाऊ रक्कम भरली. संच थेट भावाच्या घरी जाणार असल्याने कुरियरसाठी वहिनीचा मोबाइल क्रमांक दिला होता. या क्रमांकाचा पुढे संबंध येतो.

पार्सल नाताळच्या अगदी तोंडावर, २३ डिसेंबरला आले. उशीर हा या धंद्याचा भागच असावा, असे आता वाटते, कारण त्या वेळी दुसरी वस्तू आणायला उसंत नसते आणि तक्रार करण्यापेक्षा आहे ते गोड मानून घेण्याकडे माणसाचा कल असतो.

खोक्यातला माल मात्र गोड मानून घेण्यासारखा नव्हता. खुळखुळा लाकडाचा नसून लाकडासारखा रंगवलेल्या प्लॅस्टिकचा होता आणि ओल्या फडक्याने पुसताच त्याचा लाल रंग फडक्यावर उतरला. त्याचे टोपण जरा पिळले की सुटत होते आणि आतून वाटाण्याहून लहान मणी बाहेर पडत होते. ताऱ्यावर नाव कोरलेले नव्हते, छापील चिकटपट्टी लावली होती. ताऱ्याच्या पाठीमागचे झाकण स्क्रूविना बसवलेले असल्यामुळे नखाने उघडत होते आणि आत बटणाच्या आकाराचे दोन चपटे सेल होते. असा सेल बाळाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर साधारण दोन तासांत आतली त्वचा भाजून गंभीर इजा होऊ शकते. पैशांचे जे व्हायचे ते झाले, परंतु ही वस्तू बाळाच्या पाळण्यात जाणार होती, हा भाग मला अधिक संतापजनक वाटतो.

खोक्यावर आयएसआयचे चिन्ह होते, आणि बहुतेक लोक इथेच निर्धास्त होतात. भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर हे चिन्ह सक्तीचे आहे, पण चिन्ह छापायला कोणताही छापखाना पुरतो. खऱ्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ या सरकारी अॅपमध्ये घातला की परवाना कोणाच्या नावे आहे, कोणत्या मालासाठी आहे आणि चालू आहे की रद्द झाला आहे, हे लगेच दिसते. आमच्या खोक्यावर परवाना क्रमांकाची जागाच कोरी होती. शिवाय वर छापलेले मानक ९८७३ हे होते, जे विजेविना चालणाऱ्या खेळण्यांना लागू होते. सेलवर चालणाऱ्या खेळण्याला १५६४४ या मानकाखाली परवाना लागतो. हस्तव्यवसाय विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे, म्हणजे खरोखरच कारागिराने हाताने घडवलेल्या वस्तूवर हे चिन्ह नसणे हा दोष नव्हे. इथे मात्र जाहिरातीत हस्तकला आणि खोक्यावर कारखान्याचे चिन्ह, असा दुतोंडी कारभार होता. सावंतवाडीच्या कारागिरांचा या मालाशी काही संबंध असेल, असे मला मुळीच वाटत नाही.

तक्रारीला दिलेले उत्तर ठरलेले होते: नाव कोरलेला माल परत घेतला जात नाही. हे वाक्य ऐकून लोक गप्प बसतात, पण कायदा तसे म्हणत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीशी न जुळणारा असेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. अडचण वेगळीच होती. तक्रार कोणाविरुद्ध करायची, हेच कळत नव्हते. पार्सलवरील नाव दुकानाच्या नावाशी जुळत नव्हते आणि पत्ता मालवाहतुकीच्या एका गोदामाचा निघाला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवून ठेवली आहे.

दुसरा फटका २४ तारखेच्या संध्याकाळी बसला. मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या नाताळच्या उपासनेला, निघण्याची घरात गडबड होती, बाळ रडत होते, आणि त्याच वेळी वहिनीला फोन आला. बोलणारा इसम अदबीने ‘ताई’ म्हणत होता, त्याला संचाची किंमत आणि खुळखुळ्याविषयीची आमची तक्रार तोंडपाठ होती, त्यामुळे तो दुकानाचाच माणूस वाटावा यात नवल नाही. सणाच्या दिवशी तुमचे पैसे अडकवून ठेवणे आम्हाला बरे वाटत नाही, असे सांगून त्याने व्हॉट्सअॅपवर एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकला की परतावा जमा होईल, असे सांगितले. पिन टाकताच खात्यातून ४,९९९ रुपये वजा झाले. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार, हे घरातल्या वयस्कर माणसांनाही एकदा बसून समजावून सांगावे.

भावाने त्याच संध्याकाळी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला. तिथे बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात, म्हणून फोन लावण्यापूर्वी यूपीआयची पावती समोर ठेवावी. तक्रार जितकी लवकर पोहोचेल तितकी पुढच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता अधिक असते. आमच्या ४,९९९ पैकी ३,२०० रुपये असे अडवले गेले, उरलेले तोवर पुढे सरकले होते. अडवलेली रक्कमही आपोआप परत येत नाही. त्यासाठी रीतसर आदेश व्हावा लागतो, आणि तो अजून झालेला नाही. पिन ग्राहकाने स्वतः टाकलेला असल्याने बँकेने भरपाई नाकारली.

खोके, चिकटपट्टी आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट आम्ही जपून ठेवले आहेत. इन्स्टाग्रामवरील त्या खात्याची माहिती उघडून पाहिली तेव्हा ते अलीकडेच सुरू झालेले आणि त्याचे नाव पूर्वीही बदललेले दिसले. कुठल्याही पानावरून खरेदी करण्यापूर्वी एवढे पाहायला मिनिटभरही लागत नाही. जानेवारीत त्याचे नाव पुन्हा बदलले. सध्या तिथे बोरन्हाणासाठी बाळाचे नाव घातलेले हलव्याचे दागिने विकायला आहेत, आगाऊ पैसे भरून.