फ्यूज उडतो म्हणून अल्टरनेटर बदलायला सांगितला, तर आधी हे वाचा

आमची वॅगन आर २००८ सालची. खाजगी गाडीला पंधरा वर्षं झाली की आरटीओत तपासणी करून घ्यावी लागते, तेव्हा कुठे आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी मिळते. त्या तपासणीत दिवे बंद असून चालत नाही, आणि नेमक्या त्याच सुमाराला आमचा पार्किंग लाइटचा फ्यूज उडायला लागला. फ्यूज उडाला की टेल लाइट, नंबर प्लेटचा दिवा आणि मीटरमधला उजेड सगळं एकदम जायचं. नवा टाकला की दोन-तीन दिवस ठीक, मग पुन्हा तेच. बाबांच्या एक गोष्ट लक्षात आली होती: डिकी जोरात आपटली की हमखास उडतो. गाडी गॅरेजला दिली तेव्हा त्यांनी हे पहिल्याच वाक्यात सांगितलं.

गॅरेज सांगलीतलंच. नाव लिहीत नाही, कारण तक्रारीचा निकाल अजून लागायचा आहे. तिथल्या माणसाने बोनेट उघडलं, इंजिन चालू करून रेस दिली आणि म्हणाला, "साहेब, अल्टरनेटर जास्त करंट मारतोय. म्हणून फ्यूज टिकत नाही. आणि वायरिंग जुनं झालंय, ते पण बदलावं लागेल. नाहीतर आरटीओत गाडी नापास." अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र. पण ते तपासायला व्होल्टेज मोजायचा मीटर त्याने हातात घेतलाच नाही. अल्टरनेटरचे ६,५००, वायरिंगचे ४,००० आणि मजुरी १,५०० असे बारा हजार रुपये घेतले. जुना अल्टरनेटर मागितला तर "भंगारवाला घेऊन गेला." पक्कं बिल मागितलं तर कोऱ्या कागदावर आकडे लिहून दिले. दिवे मात्र लागले, आणि डिकी आपटली तरी फ्यूज उडेना.

उडणार कसा? आठवडाभराने मागच्या सीटपाशी रबर जळाल्यासारखा वास यायला लागला. गाडी घेऊन मिरजेला एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं आणि काही न बोलता एक फ्यूज चिमट्याने उपसून बाबांच्या हातावर ठेवला. हिरवा होता. झाकणावर त्या जागी १५ छापलेलं.

पाती फ्यूजचे रंग ठरलेले असतात: १० अँपिअरचा लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. पंधराच्या जागी तीसचा बसवला होता. फ्यूज बल्ब वाचवायला नसतो, तो वायर वाचवायला असतो. बारीक वायरीला जेवढा करंट झेपतो त्याच्या आत फ्यूज वितळला पाहिजे. तीसचा टाकला की शॉर्ट, म्हणजे उघडी वायर पत्र्याला टेकणं, तसाच राहतो, फ्यूज शाबूत राहतो आणि तापते ती वायर. गाडीला आग लागायची ही सरळ वाट आहे. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण माझी आई आणि माझा मुलगा त्या मागच्या सीटवर बसत होते, आणि हे त्या माणसाने जाणूनबुजून केलं. याची चीड आजही कमी झालेली नाही.

मग मिरजेच्या या मिस्त्रींनी दोष शोधला. शोधायची रीत इतकी साधी आहे की प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने ती एकदा डोळ्यांनी पाहावी. फ्यूज काढून त्याच्या रिकाम्या जागेच्या दोन टोकांत त्यांनी २१ वॅटचा ब्रेकलाइटचा बल्ब वायरीने जोडला. अशा बल्बमधून साधारण पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जात नाही, त्यामुळे पुढे शॉर्ट असला तरी काही जळत नाही. पार्किंग लाइट लावले. बल्ब मंद लागला, म्हणजे त्या घडीला लाइन ठीक. मग एकेक जागा हलवून पाहिली: टेल लॅम्पचे होल्डर, सीटखालची वायरिंग, शेवटी डिकी. डिकी अर्धी खाली आणली आणि बल्ब एकदम लख्ख पेटला, म्हणजे शॉर्ट इथेच. वर उचलली, पुन्हा मंद. डिकीच्या बिजागरीपाशी रबरी नळीतून वायरी दारात जातात. वर्षानुवर्षं उघडझाप होऊन तिथल्या नंबर प्लेटच्या वायरीचं आवरण तुटलं होतं आणि तांबं पत्र्याला लागत होतं. बाबांनी पहिल्या दिवशी सांगितलेली तीच जागा.

अल्टरनेटरचंही त्यांनी दाखवलं. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.५ व्होल्ट, चालू केल्यावर १४.२. चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.५ हे निरोगी लक्षण. व्होल्टेज खरंच बेसुमार वाढलं असतं तर आधी बल्ब जाऊ लागले असते, बॅटरीचं पाणी आटलं असतं. आणि या लाइनवरचे सगळे दिवे धरले तरी जेमतेम अडीच-तीन अँपिअर लागतात. पंधराचा फ्यूज त्याने उडत नाही, तो शॉर्टनेच उडतो. वर अल्टरनेटर नवा नव्हताच. आमचाच घासूनपुसून त्यावर चंदेरी रंग मारलेला होता. त्याच्या बोल्टवर जुना गंज अखंड होता, पाना लागल्याची खूणसुद्धा नव्हती. "नवीन वायरिंग" म्हणजे जुन्याच वायरींवर गुंडाळलेली नवी काळी टेप. ती सोडली तेव्हा आत दोन वायरी वितळून एकमेकींना चिकटलेल्या निघाल्या.

मिस्त्रींनी जळालेला तुकडा कापला, नवी मऊ वायर डाग देऊन जोडली, वर स्लीव्ह चढवली, रबरी नळी जागेवर बसवली आणि निळा फ्यूज घातला. सगळे मिळून ६५० रुपये झाले. गाडी आरटीओत पास झाली.

गाडी कुणाकडेही द्या, पण "कुठली वायर, कुठे लागतेय, मला दाखवा" हे पार्ट बदलायच्या आधी विचारा. बॅटरीवर मीटर लावून आकडा समोर दाखवायला एक मिनिट लागतो. जो दाखवत नाही त्याला अल्टरनेटर काढू देऊ नका. काम सुरू व्हायच्या आधी त्या पार्टचा नंबरासकट मोबाइलवर फोटो काढा आणि जुना पार्ट परत हवा हे तेव्हाच सांगा. नुकतंच वायरिंगचं काम करून घेतलं असेल तर आज घरी गेल्यावर फ्यूज बॉक्स उघडून रंग झाकणावरच्या आकड्यांशी ताडून बघा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी दिसली, तर गाडी तिथून हलवू नका.

आम्ही गॅरेजवाल्याला जाऊन विचारलं तेव्हा तो म्हणाला, "रिपेअर केलेला टाकला होता, नवीन म्हटलंच नव्हतं." कोऱ्या कागदावर मात्र 'नवीन अल्टरनेटर' असं त्याच्याच अक्षरात आहे, आणि पैसे यूपीआयने दिल्यामुळे त्याची नोंदही आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. वितळलेल्या वायरी आणि तो हिरवा फ्यूज पुरावा म्हणून पिशवीत बांधून ठेवले आहेत.