पल्सर २२० ला ब्रेडेड ब्रेक लाइन, नाना पेठेत मापानं बनवून घेतलेली: चार महिन्यांनंतर

माझी पल्सर २२० एफ २०१४ची, म्हणजे एबीएस वगैरे काही नाही, पुढं २६० मिमीची डिस्क आणि ब्रेक ऑइलचा पाइप कंपनीचाच रबरी, दहा वर्षं जुना. मेहुण्याला मागं बसवून (नव्वद किलो, वर त्याची बॅग) ताम्हिणी घाट उतरत होतो आणि खाली येता येता पुढचा लिव्हर इतका पोकळ झाला की हँडलला टेकायचाच बाकी होता. थांबलो, चहा घेतला, अर्ध्या तासानं लिव्हर परत बऱ्यापैकी कडक. घरी पोचल्या पोचल्या ब्रेडेड लाइन, म्हणजे वर स्टीलची जाळी असलेला ब्रेकचा पाइप, मागवली, ऑनलाइन, 'सगळ्या बाइकला बसते' असं लिहिलेली.

बसली नाही अर्थात. म्हणजे हँडल सरळ असताना छान दिसत होती, पण हँडल पूर्ण वळवलं की तारेसारखी ताणायची आणि खालच्या बँजोचा (पाइपच्या टोकाची गोल फिटिंग, तिच्यातून बोल्ट जातो) कोन असा की पाइप मडगार्डलाच घासणार. परत पाठवली, पैसे यायला तीन आठवडे लागले, ती कटकट वेगळीच.

मग पुण्याच्या नाना पेठेत गेलो. स्पेअर पार्टच्या दुकानांच्या गर्दीत एक छोटं होज पाइपवाल्याचं दुकान आहे, काका स्वतः मशीनवर फिटिंग प्रेस करून देतात. त्यांना ताम्हिणीचं सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "थंड झाल्यावर लिव्हर परत आला ना? मग पाइप नाही रे, ऑइल उकळलं. आधी ऑइल बदल, आठवडाभर चालव, मग ये." धंदा दारात आलेला असताना गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदाच बघितला.

आणि काका बरोबर होते राव. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल निदान २३० डिग्रीपर्यंत तरी उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी मुरलं की तोच आकडा १५५ च्या आसपास येऊ शकतो, मग घाटात कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तापला की आत वाफ होते आणि वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. माझं जुनं ऑइल चहाच्या रंगाचं निघालं, शेवटचं कधी बदललेलं तेही आठवेना. साडेतीनशेच्या आतल्या कामात निम्म्याहून जास्त दुखणं गेलं. तरी लिव्हर दाबताना एक मऊपणा राहिलाच होता, जोरात दाबला की अजून थोडा आत जायचा, आणि तो मात्र पाइपचा, कारण जुना रबरी पाइप दाबानं किंचित फुगतो. ब्रेडेडमध्ये आत टेफ्लॉनची नळी आणि वर स्टीलची जाळी, त्यामुळं फुगायला वावच नाही.

माप काकांनी ज्या पद्धतीनं घ्यायला लावलं ते महत्त्वाचं. गाडी मधल्या स्टँडवर, पुढचं चाक अधांतरी म्हणजे शॉकॲब्सॉर्बर पूर्ण लांबलेला, मग हँडल सरळ, डावीकडं पूर्ण, उजवीकडं पूर्ण, आणि तिन्हीत जिथं जास्तीत जास्त लांबी लागते ते माप. जुना पाइप सोबत नेला म्हणून बँजोचे कोन जुळवता आले. वर प्लास्टिकचं काळं कोटिंग असलेलीच घ्या, उघडी जाळी शोरूममध्ये भारी दिसते पण जिथं टेकेल तिथला रंग कानस मारल्यासारखा खाते. बनवून झाल्यावर काकांनी हातपंपावर दाब देऊन दाखवली, मला बावीसशे पडले.

फिटिंग घरीच केलं आणि इथं माझी चूक. बँजोच्या दोन्ही बाजूला एकेक तांब्याचा वायसर लागतो, म्हणजे एका लाइनला चार, आणि ते प्रत्येक वेळी नवेच हवेत. मी खालचे दोन जुनेच लावले, "चांगले तर आहेत" म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅलिपरवर घाम आल्यासारखं ऑइल. पाना अजून आवळून उपयोग नसतो, उलट बोल्ट तुटतो, सगळं परत खोललं. ऑइल टाकीवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, रंग उचलतं ते.

हवा काढायला दीड तास गेला. खालून कॅलिपरच्या निपलमधून (हवा सोडायचा छोटा नळ) कितीही काढा, नवी लाइन कोरडी असते आणि शेवटचा बुडबुडा वर मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरपाशी ऑइलला दाब देणारा भाग) बँजोपाशीच दडून बसतो. तिथं फडकं गुंडाळून, लिव्हर दाबून धरून बोल्ट जरासा सैल केला, फुस्स झालं, लिव्हर सोडायच्या आत परत आवळला. मग रात्रभर लिव्हर सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं बांधून ठेवला, सकाळी दगड! एबीएसवाल्यांनी मात्र हे घरी करू नका, तिथं पाइप जास्त, मॉड्युलेटरमध्ये (एबीएसचा, ब्रेकचा दाब कमीजास्त करणारा भाग) हवा अडकली तर काही गाड्यांना ती काढायला स्कॅनर लावावा लागतो.

आता फरक. गाडी कमी अंतरात थांबते का? मला नाही वाटत, टायर आणि पॅड तेच आहेत. पण दोन बोटांत अंदाज येतो, किती दाबला की किती लागणार ते आधीच कळतं, पावसात तर फारच. मित्राच्या ३९० ड्यूकला ही लाइन कंपनीकडूनच येते, त्याचा लिव्हर दाबून मी जळायचो, ते बंद झालं. परवा पुन्हा मेहुण्याला घेऊन ताम्हिणी उतरलो, लिव्हर वर होता तसाच खाली.

मागच्या डिस्कलाही करू म्हणून काकांकडं गेलो होतो. त्यांनी गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. "मागचा पाइप वीतभर, त्यात तुझ्या पायात बूट, काय कळणार तुला? ऑइल बदललंस का मागचं?"

बदललं नव्हतं.