प्रबंधात रोमन आकडे: हाताने टाइप करायचे, चिन्ह घालायचं की प्रोग्रामवर सोपवायचं?

नाशिकमध्ये मुक्त विद्यापीठ आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, शिवाय पुणे विद्यापीठाशी जोडलेली कितीतरी महाविद्यालयं आहेत. त्यामुळे प्रबंध आणि प्रकल्प अहवाल जमा करायचे दिवस आले, की कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत प्रिंट-बाइंडिंगच्या दुकानांत एकच प्रश्न ऐकू येतो: प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका या सुरुवातीच्या पानांना छोटे रोमन आकडे आणि पहिल्या प्रकरणापासून साधा एक, हे कसं जमवायचं? जमवायचे रस्ते तीन-चार आहेत. कोणता घ्यायचा हे ठरतं एका गोष्टीवर: तो आकडा पुढे बदलणार आहे की नाही.

न बदलणाऱ्या आकड्यासाठी साधा कीबोर्डच उत्तम. इतिहासाच्या प्रबंधात चौदावा लुई आला, ग्रंथसूचीत खंड दुसरा आला, तर इंग्रजी कीबोर्डवर जाऊन आय, व्ही, एक्स ही कॅपिटल अक्षरं टाइप करावीत. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबला की मराठी-इंग्रजी अदलाबदल होते. अशी अक्षरं शोधता येतात, कॉपी होतात आणि कोणत्याही संगणकावर तशीच दिसतात. त्रास देते ती वर्डची आपोआप दुरुस्ती. एकटा छोटा आय लिहून स्पेस दिली की तो मोठा होतो, आणि ओळीच्या सुरुवातीला छोट्या अक्षरांत रोमन चार लिहिला तर त्यातलं पहिलं अक्षर मोठं होतं. लगेच कंट्रोल-झेड दाबलं की मूळ रूप परत येतं.

दुसरा रस्ता युनिकोडमधल्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीतल्या, तयार रोमन चिन्हांचा. वर्डमध्ये इंग्रजी आकड्यांत २१६७ टाइप करून ऑल्ट आणि एक्स दाबा, रोमन आठ एकाच चिन्हात उमटतो. दिसायला नेटका असला तरी प्रबंधात मी हा रस्ता सुचवणार नाही. तयार चिन्हं एक ते बारापर्यंतच आहेत, त्यापुढे थेट पन्नास, शंभर, पाचशे, हजार. म्हणजे तेरासाठी पुन्हा जोडाजोड आलीच. वाचकाने शोधचौकटीत साधी अक्षरं टाकली तर ही चिन्हं सापडतीलच असं नाही, आणि फॉण्टात ती नसली तर रिकामी चौकट दिसते. बहुतेक कामांसाठी साधी लॅटिन अक्षरंच वापरावीत, असं युनिकोडच्या प्रमाणग्रंथातही म्हटलं आहे.

मोठा आकडा असेल तर वर्डकडूनच रूपांतर करून घ्या. मुक्त विद्यापीठाचं स्थापनावर्ष १९८९. ते रोमनमध्ये मनाने लिहिताना एखादा एक्स हमखास निसटतो. कंट्रोल-एफ९ दाबा, महिरपी कंस येतील. त्यांच्यात बरोबरचं (=) चिन्ह, इंग्रजी आकड्यांत वर्ष, मग उलटी तिरकी रेघ, तारा आणि कॅपिटलमध्ये रोमन हा इंग्रजी शब्द लिहून एफ९ दाबा. एक्सेलमध्ये रोमन नावाचं सूत्रच आहे, ते ३९९९पर्यंत चालतं.

आता खरा विषय, पानांचे आकडे. हे हाताने टाइप करू नयेत. ऋणनिर्देशात एक परिच्छेद वाढला की सगळं सरकतं आणि अनुक्रमणिका चुकते. वर्डमध्ये अनुक्रमणिकेच्या शेवटी 'लेआउट'मधल्या 'ब्रेक्स'मधून 'नेक्स्ट पेज' हा सेक्शन ब्रेक घाला. सेक्शन म्हणजे स्वतंत्र मांडणी ठेवता येणारा फाइलचा भाग. साधा पेज ब्रेक इथे उपयोगाचा नाही, कारण आकड्याचं रूप सेक्शनपुरतं ठरतं. मग सुरुवातीच्या सेक्शनमध्ये कर्सर ठेवून 'पेज नंबर', 'फॉरमॅट पेज नंबर्स' आणि छोटे रोमन. पुढच्या सेक्शनमध्ये साधे आकडे आणि 'स्टार्ट अॅट' एक. मुखपृष्ठावर आकडा नको असेल तर 'डिफरंट फर्स्ट पेज' करा, पान मोजलं जातं पण त्यावर आकडा छापला जात नाही. मधेच आडव्या तक्त्यासाठी नवा सेक्शन केलात तर तोही पुन्हा एकपासून सुरू होऊ शकतो. तिथे 'कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन' निवडा. एवढं झालं की आपोआप बनणारी अनुक्रमणिका ऋणनिर्देशासमोर रोमन आणि प्रकरणांसमोर साधा आकडा स्वतःच घेते.

लिबरऑफिस रायटर फुकट आहे आणि हेच काम पेज स्टाइलमधून, म्हणजे पानाच्या मांडणीला नाव देऊन ठेवलेल्या साच्यातून करतो. सुरुवातीच्या पानांची एक स्टाइल, मजकुराची दुसरी, आणि ब्रेक घालतानाच पुढची स्टाइल व पानाचा आकडा सांगायचा. शिकायला थोडा वेळ लागतो, पण लांब प्रबंधात मला ही रचना जास्त भरवशाची वाटते. फक्त एक लक्षात ठेवा: रायटर विषम पान उजवीकडेच ठेवतो. रोमन पानं विषम संख्येवर संपली आणि पुढे एकपासून सुरुवात केली, तर मधे एक कोरं पान येतं. पाठपोट छपाईत ते हवंच असतं, एकाच बाजूने छापताना मात्र छपाईच्या पर्यायांत जाऊन ते बंद करावं.

गूगल डॉक्स मार्गदर्शकांशी मिळून लिहायला फार सोयीचं. यादीला रोमन क्रमांक तिथे मिळतात, पानांना मिळत नाहीत. म्हणून लिखाण तिथे करा आणि शेवटी फाइल उतरवून वर्ड किंवा रायटरमध्ये आकडे घाला.

मराठी प्रबंधाची एक वेगळी अडचण आहे आणि ती इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाही. युनिकोडपूर्व काळातल्या फॉण्टांत इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा बसवलेला असतो. फूटरलाही, म्हणजे पानाच्या तळाच्या पट्टीलाही, तोच फॉण्ट लागला की रोमन आकड्याऐवजी भलतीच काना-वेलांटी दिसते. सेटिंग बरोबर असूनही लोक तासन्‌तास ते बदलत बसतात. फूटरमधला आकडा निवडून त्याला टाइम्स न्यू रोमन द्या. यादीच्या क्रमांकांसाठी 'डिफाइन न्यू नंबर फॉरमॅट'मध्ये फॉण्ट वेगळा ठरवता येतो. अजून लेखन सुरूच झालं नसेल तर सरळ युनिकोड घ्या. त्यात वर्ड लॅटिन अक्षरांचा फॉण्ट वेगळा सांभाळतो, त्यामुळे ही अडचण येतच नाही.

म्हणून माझी निवड अशी: संगणकावर वर्ड आधीच असेल तर वर्ड. नसेल तर केवळ यासाठी पैसे घालू नका, रायटर पुरेसा आहे.

दुकानात जाताना पीडीएफ न्या, म्हणजे तिथल्या फॉण्टांवर अवलंबून राहावं लागणार नाही. पानं सांगताना सांभाळा: पीडीएफ उघडणारा प्रोग्राम सहसा पहिल्या कागदापासून मोजतो, त्यामुळे 'पान पाच रंगीत काढा' म्हटलं की रोमन पाच निघायचं. वर्डमधूनच छापत असाल तर पानांच्या चौकटीत पी१एस२ असं इंग्रजीत लिहा, दुसऱ्या सेक्शनचं पहिलं पान निघेल.